लिथियमची छोटी गोळी सुरू करू का?

प्रश्न: मी ४६ वर्षांची आहे. वर्षभरापासून मन सारखं उतरलेलं असतं. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. दिवसभर थकवा आणि बारीकसारीक गोष्टींवरून चिडचिड. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ अशी एकत्र गोळी रोज घेते, मीठही कमी केलं आहे. डोकं दुखलं की आयबुप्रोफेन ४०० घेते, महिन्यातून सात-आठ वेळा तरी. ओळखीच्या एका बाईंनी लिथियम ओरोटेट घ्यायला सांगितलं. ‘हे औषध नाही, खनिज आहे, पिण्याच्या पाण्यातही असतं,’ असं त्या म्हणाल्या. मी बाटली मागवली. पुढच्या बाजूला ५ मिग्रॅ लिहिलंय आणि मागे १३० मिग्रॅ. नेमकं किती घ्यायचं? शिवाय माझा धाकटा भाऊ बायपोलर आजारासाठी (कधी उन्माद, कधी उदासी) सहा वर्षं लिथियम कार्बोनेट ९०० मिग्रॅ घेतो. त्याचे हात थरथरतात, तहान फार लागते. त्याला या सौम्य गोळीवर आणता येईल का? मी अजून एकही गोळी घेतलेली नाही.

उत्तर:

ताई, सुरू करण्याआधी विचारलंत हे फार बरं केलंत. तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकते, कारणं मागाहून. तुम्ही ही गोळी सुरू करू नका. आणि भावाचं लिथियम कार्बोनेट कुठल्याही परिस्थितीत परस्पर बंद करू नका किंवा या गोळीने बदलू नका. यातली दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा कितीतरी गंभीर आहे. आज रात्री भावाशी या विषयावर बोलणार असाल, तर हे वाक्य आधी सांगा.

आता बाटलीवरचे दोन आकडे. लिथियम हा धातू गोळीत एकटा नसतो, तो कशाबरोबर तरी बांधलेल्या क्षाराच्या रूपात असतो. ओरोटेटमध्ये लिथियमचा वाटा वजनाच्या जेमतेम ४ टक्के, बाकी सगळं ओरोटिक आम्ल. म्हणजे १३० मिग्रॅ लिथियम ओरोटेटमध्ये निव्वळ लिथियम ५ मिग्रॅ. तुमच्या बाटलीवर दोन वेगळे डोस लिहिलेले नाहीत, एकाच गोळीची दोन मापं आहेत. कार्बोनेटमध्ये हा वाटा जवळजवळ १९ टक्के असतो. भावाच्या ९०० मिग्रॅमध्ये निव्वळ लिथियम सुमारे १६९ मिग्रॅ येतं. तेव्हा तुलना नेहमी निव्वळ लिथियमची करायची: तुमची गोळी ५, त्याचा रोजचा डोस १६९. क्षाराच्या वजनांची तुलना केली की गल्लत होते. १३० आणि ९०० हे आकडे शेजारी ठेवले तर सात गोळ्यांत हिशोब जुळेल असं वाटतं. प्रत्यक्षात चौतीस गोळ्या लागतील, आणि त्या चौतीस गोळ्यांबरोबर रोज चार ग्रॅमच्या आसपास ओरोटिक आम्ल पोटात जाईल. उंदरांच्या आहारात १ टक्का ओरोटिक आम्ल मिसळल्यावर त्यांच्या यकृतात चरबी साठते, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. माणसांनी इतकं ओरोटिक आम्ल वर्षानुवर्षं घेऊन चालेल असं म्हणायला काहीच आधार नाही.

‘खनिज आहे, औषध नाही’ या म्हणण्याबद्दल. लिथियम हे मूलद्रव्य आहे, ते पाण्यात, धान्यात, भाज्यांत अत्यल्प प्रमाणात असतं, हे सगळं खरं. पण कार्बोनेटच्या गोळीतलं लिथियम आणि ओरोटेटच्या गोळीतलं लिथियम यांत मूलद्रव्य म्हणून काडीचाही फरक नाही. रक्तात गेल्यावर दोन्हींचा तोच लिथियम आयन होतो आणि तो त्याच मूत्रपिंडांतून बाहेर पडतो. काही ठिकाणी ओरोटेट पूरक आहार म्हणून विकता येतं आणि कार्बोनेटला डॉक्टरांची चिठ्ठी लागते, हा विक्रीच्या नियमांचा फरक आहे. शरीराला तो कळत नाही.

या दोन क्षारांची तुलना १९७९ साली उंदरांवर झाली होती. तेवढंच लिथियम ओरोटेटमधून दिल्यावर ऊतींमध्ये त्याची पातळी जास्त आढळली. ओरोटेटचे विक्रेते हा भाग आवर्जून सांगतात. त्याच प्रयोगातला दुसरा निष्कर्ष असा की ओरोटेट दिलेल्या उंदरांच्या मूत्रपिंडांचं गाळण्याचं काम मंदावलं होतं, आणि पातळी चढण्याचं कारण हेही असू शकतं. बाहेर कमी पडलं तर आत जास्त राहणारच.

मग थोड्या लिथियमने मन सुधारतं या समजुतीला काहीच पाया नाही का? आहे, पण तो जसा सांगितला जातो तसा नाही. १९९० साली अमेरिकेच्या टेक्सस राज्यातल्या २७ काउंटींची, म्हणजे जिल्ह्यांची, आकडेवारी प्रसिद्ध झाली. जिथे पिण्याच्या पाण्यात लिथियम जास्त, तिथे आत्महत्यांचं प्रमाण कमी. २००९ मध्ये जपानच्या ओइता प्रांतातल्या १८ नगरपालिकांतून तसंच चित्र आलं, २०११ मध्ये ऑस्ट्रियातूनही. मात्र २०१७ साली डेन्मार्कमध्ये एकेका माणसाची २२ वर्षांची नोंद घेऊन केलेल्या अभ्यासात पाण्यातल्या लिथियमचा असा फायदा दिसला नाही. एकेका प्रदेशाची सरासरी काढून केलेल्या अभ्यासात उत्पन्न, वस्तीची दाटी, आरोग्यसेवा अशा कितीतरी गोष्टी मिसळलेल्या असतात. त्यावरून एका माणसाने काय गिळावं हे ठरवता येत नाही.

आणि प्रमाण पाहा. लिटरमागे १०० मायक्रोग्रॅम लिथियम असलेलं, म्हणजे बऱ्यापैकी लिथियमयुक्त पाणी दिवसाला दोन लिटर प्यायलं तर ०.२ मिग्रॅ मिळतं. तुमची एक गोळी त्याच्या पंचवीसपट आहे. पाण्याचे अभ्यास दाखवून ५ मिग्रॅची गोळी विकायची, हे मुळातच जुळत नाही.

मूडवर थेट केलेला एक छोटा प्रयोग १९९४ चा आहे. पूर्वी अमली पदार्थांच्या आहारी गेलेली २४ माणसं, चार आठवडे, रोज ४०० मायक्रोग्रॅम. लिथियम घेणाऱ्यांनी मूड सुधारल्याचं सांगितलं. चोवीस माणसं आणि चार आठवडे यावर पुढे काम व्हायला हवं होतं. तुमच्यासारख्या तक्रारीसाठी ५ मिग्रॅ ओरोटेट घेऊन फायदा होतो हे मोठ्या, नीट आखलेल्या चाचणीत अजून कुणी दाखवलेलं नाही. २०१३ साली ब्राझीलमध्ये अल्झायमरच्या रुग्णांना ३०० मायक्रोग्रॅम देऊन पाहिलं गेलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या शोधनिबंधात लिथियम ओरोटेट दिलेल्या उंदरांची स्मृती सुधारल्याचं दिसलं. हे संशोधन महत्त्वाचं आहे आणि त्यातून उद्या काही चांगलं निघू शकतं. पण ते स्मृतिभ्रंशाबद्दल आहे, त्यातलं सगळ्यात बोलबाला झालेलं काम उंदरांवरचं आहे, आणि पहाटे तीनला जाग येणाऱ्या बाईच्या उदासीवर त्यात काहीच नाही.

तुमच्या बाबतीत मी ‘नको’ का म्हणते, त्याचा मुख्य धागा मूत्रपिंडाशी आहे. लिथियम यकृतात मोडत नाही. जवळजवळ सगळं मूत्रपिंडातून जातं. मूत्रपिंड ते सोडियमसारखंच, म्हणजे मिठातल्या घटकासारखंच वागवतं: गाळलेल्या लिथियमपैकी सुमारे ८० टक्के परत शोषून घेतं, उरलेलं लघवीतून सोडतं. शरीरात सोडियम कमी पडलं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवायला लागतं, आणि त्याच ओढीत लिथियमही धरून ठेवतं.

तुमच्या यादीकडे या नजरेने पाहा. हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे सोडियम घालवतं, म्हणून मूत्रपिंडातल्या नळ्यांच्या सुरुवातीच्या भागात सोडियम आणि लिथियम दोन्ही जास्त ओढून घेतले जातात. या गटातल्या गोळ्यांनी लिथियमची पातळी सर्वसाधारणपणे २५ ते ४० टक्के वाढते. टेल्मिसार्टनच्या गटानेही वाढते. आयबुप्रोफेन मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतं, त्याने पुन्हा वाढते. मीठ तुम्ही कमी केलंच आहे. लिथियम साठवणाऱ्या चार गोष्टी तुमच्या रोजच्या आयुष्यात एकत्र आहेत.

याचं फार जुनं आणि दुःखद उदाहरण आहे. १९४० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत हृदयविकाराच्या आणि रक्तदाबाच्या रुग्णांसाठी मिठाऐवजी लिथियम क्लोराइड विकायला आलं. चव खारट, सोडियम नाही, म्हणून लोक सढळ हाताने वापरू लागले. हे सगळे मिठाच्या पथ्यावरचे रुग्ण, त्यामुळे लिथियम अंगात साठत गेलं. १९४९ मध्ये मृत्यू झाले आणि ते बाजारातून काढून घ्यावं लागलं. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादाच्या रुग्णांना लिथियमने उतार पडतो हे प्रसिद्ध केलं. औषध तेच होतं. एका बाजूला मात्रेवर आणि रुग्णावर नजर होती, दुसऱ्या बाजूला नव्हती.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. केवळ आकड्यांत पाहिलं तर ५ मिग्रॅची एक गोळी तुम्हाला विषबाधा करणार नाही. निरोगी मूत्रपिंडं रोज साधारण ३० ते ३५ लिटर रक्तद्रवातलं लिथियम काढून टाकतात. ५ मिग्रॅ म्हणजे ०.७२ मिलिमोल (रक्ततपासणीत लिथियम याच मापात मोजतात), रक्तातली पातळी लिटरला ०.०२ मिलिमोलच्या आसपास येईल. तुमच्या रक्तदाबाच्या गोळीमुळे ती ०.०३ झाली तरी उपचाराच्या ०.६ ते ०.८ या पातळीपासून फार लांब, आणि विषबाधा सुरू होते त्या १.५ पासून त्याहून लांब. कुणी तुम्हाला ‘एक गोळी घेतलीत तर मूत्रपिंडं जातील’ असं घाबरवलं तर ते बरोबर नाही.

पण लोक एका गोळीवर थांबत नाहीत. दोन आठवडे काही वाटत नाही, मग दोन गोळ्या, मग चार. २० मिग्रॅच्या गोळ्याही मिळतात. २००७ साली नोंदवलेल्या एका घटनेत एका तरुणीने ओरोटेटच्या १८ गोळ्या एकदम घेतल्या. मळमळ आणि थरथर घेऊन ती रुग्णालयात आली. तिच्या रक्तातली पातळी उपचाराच्या पातळीपेक्षाही कमी होती, तरी लक्षणं होतीच. तिची मूत्रपिंडं चांगली होती आणि मात्रा एकदाच गेली होती. सोडियम घालवणारी गोळी चालू आहे, त्यात जुलाब-उलट्या लागल्या, ताप आला, अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन घेतलं आणि लिथियमची गोळी ‘ती काय, खनिजच’ म्हणून चालूच ठेवली, असा एक आठवडा रोज २० किंवा ४० मिग्रॅ घेणाऱ्याच्या बाबतीत वेगळा जातो. थायरॉइड आणि मूत्रपिंडावर इतक्या कमी मात्रेचा दहा-वीस वर्षांत काय परिणाम होतो, हे कुणी तपासलेलंच नाही. फायदा सिद्ध नाही आणि साठवणारी कारणं चार. या हिशोबात ‘घेऊन बघू’ला जागा नाही.

त्याहूनही मोठं कारण म्हणजे ही गोळी घेताना तुम्ही मूळ दुखणं अंगावर काढाल. तुम्ही लिहिलेल्या प्रत्येक तक्रारीमागे तपासून पाहता येईल असं काहीतरी असू शकतं, आणि त्यातलं एक तर तुमच्या हातातल्या गोळीतच दडलेलं असेल. हायड्रोक्लोरोथायझाइडने रक्तातलं सोडियम उतरतं. त्यात मिठाचं पथ्य. सोडियम १३५ च्या खाली गेलं की थकवा, डोकेदुखी, चिडचिड, लक्ष न लागणं हे सगळं होऊ शकतं. तुम्ही डोकेदुखीही लिहिली आहे. म्हणून पहिली तपासणी सोडियम-पोटॅशियमची. गोळी मात्र स्वतःहून थांबवू नका, रक्तदाब उसळेल. सोडियम कमी निघालं तर डॉक्टर दुसरी देतील. त्याच रक्तात टीएसएच (थायरॉइडची तपासणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची), कॅल्शियम, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि रक्तातली साखर पाहून घ्या. थायरॉइड मंदावलं असेल तर उदासी, थकवा, वजन वाढणं हे त्याचंच चित्र असतं. वय ४६, म्हणजे पाळी अनियमित झाली आहे का, रात्री घाम फुटून जाग येते का, हेही डॉक्टरांना स्वतःहून सांगा. विचारायची वाट पाहू नका.

महिन्यातून सात-आठ वेळा आयबुप्रोफेन घेणं रक्तदाब असलेल्या माणसाला तसंही चांगलं नाही. लिथियम असो वा नसो, ते रक्तदाब वाढवतं आणि टेल्मिसार्टन व हायड्रोक्लोरोथायझाइड यांच्या जोडीला लागलं की मूत्रपिंडावर तिहेरी ताण येतो. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना हे त्रिकूट चांगलं माहीत आहे. डोकेदुखीला पॅरासिटामॉल वापरा आणि ती इतक्या वेळा का होते ते विचारा.

डॉक्टरांकडे जाण्याआधी घरी एक काम करा. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली असते. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास होतं का, कशात रस वाटला का, झोप, भूक, थकवा, असं प्रत्येकाला ० ते ३ गुण द्यायचे, एकूण २७. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधराच्या पुढे जास्त तीव्र. हे निदान नव्हे, पण ‘बरं वाटत नाही’पेक्षा ‘तेरा गुण आले, झोपेच्या प्रश्नाला तीन’ हे डॉक्टरांना कितीतरी उपयोगाचं असतं, आणि दोन महिन्यांनी पुन्हा भरल्यावर फरक पडला की नाही ते दिसतं. नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याबद्दल आहे. त्याला शून्याखेरीज काहीही उत्तर येत असेल तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. त्याच दिवशी घरातल्या कुणाला तरी सांगा आणि डॉक्टर गाठा. स्वतःला इजा करण्याचा विचार मनात घोळत असेल तर थेट तातडीच्या विभागात जा.

एक गोष्ट तुम्ही डॉक्टरांना सांगितलीच पाहिजे: सख्ख्या भावाला बायपोलर आहे. यात संकोच करू नका. सख्ख्या नात्यात हा आजार असेल तर तुमची उदासीही त्याच आजाराची एक बाजू असण्याची शक्यता जमेस धरावी लागते. तसं असताना नुसती उदासीवरची गोळी दिली तर काहींचं मन उलट दिशेला, उन्मादाकडे झुकतं. आठवून पाहा: सलग चार दिवस किंवा जास्त काळ मन विलक्षण चढलेलं किंवा चिडकं, तीन-चार तासांची झोप पुरूनही थकवा नाही, बोलणं आणि कामं अफाट, खर्चाला धरबंध नाही, असा काळ कधी आला होता का? घरच्यांनाही विचारा, कारण स्वतःला तो काळ बहुतेक वेळा ‘तेव्हा मी किती छान होते’ असाच आठवतो. उत्तर ‘हो’ आलं तर मानसोपचारतज्ज्ञ कदाचित तुम्हाला लिथियमच देतील, पण पुरेशा मात्रेत, रक्त तपासून, रक्तदाबाची गोळी बदलून. तेव्हा बाटलीतली चिमूटभर मात्रा आधीपासून चालू असणं फक्त गोंधळ वाढवेल. उत्तर ‘नाही’ आलं तर साध्या उदासीवर चांगले उपचार आहेत. बोलण्याचे उपचार आणि औषधं दोन्ही. औषधाचा गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यातली काही औषधंही सोडियम उतरवतात, म्हणून तुमच्या बाबतीत आधी सोडियम पाहणं आणि औषध सुरू झाल्यावर पुन्हा पाहणं जरुरीचं.

आता भाऊ.

सहा वर्षं लिथियमवर टिकून असलेला माणूस म्हणजे ज्याला ते लागू पडलं आहे असा माणूस असण्याची दाट शक्यता आहे. त्याचं १६९ मिग्रॅ निव्वळ लिथियम काढून ५ मिग्रॅ देणं म्हणजे औषध जवळजवळ पूर्ण बंद करणं. आणि लिथियम एकाएकी बंद केलं की पुढच्या काही महिन्यांत उन्माद उलटण्याचा, तसंच आत्महत्येचा धोका वाढतो. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवायचं ठरलं तरी ते निदान चार आठवड्यांत, शक्यतो तीन महिन्यांत हळूहळू उतरवतात. सुरुवातीचे दिवस फसवे असतात. हात थरथरायचे थांबतात, तहान कमी होते, ‘बघ, ही गोळी किती चांगली’ असं वाटतं. तो आराम कार्बोनेट थांबल्याचा असतो, ओरोटेट चालल्याचा नव्हे.

त्याच्या दोन्ही तक्रारींवर औषध न सोडता करता येण्यासारखं पुष्कळ आहे. आधी पातळी. रक्त शेवटच्या गोळीनंतर बरोबर १२ तासांनी द्यायचं. रात्री नऊला गोळी, तर सकाळी नऊला रक्त, सकाळची गोळी त्यानंतर. सकाळची गोळी घेऊन गेलं तर आकडा खोटाच चढलेला येतो आणि विनाकारण डोस कापला जातो. दुसरी चूक प्रयोगशाळेत होते: हिरव्या टोपणाच्या काही नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपॅरिन घातलेलं असतं. त्या नळीत रक्त घेतलं तर नळीतलंच लिथियम मोजलं जातं आणि आकडा एकच्याही वर जाऊ शकतो. रक्त घेणाऱ्याला ‘लिथियमची तपासणी आहे’ असं सुई टोचण्याआधीच सांगायचं. आकडा अचानक चढलेला आणि माणूस ठणठणीत दिसला तर आधी नळी कुठली होती ते विचारायचं.

पातळी ०.९ किंवा १.० निघाली तर डॉक्टर ती ०.६-०.७ वर आणू शकतात; थरथर अनेकदा तेवढ्यानेच कमी होते. दोन वेळचा डोस रात्री एकदम घेण्याने काहींची लघवी आणि तहान कमी होते. बारीक थरथरीसाठी प्रोप्रानोलॉल देता येतं, दमा नसेल तर. तहान-लघवी फारच असेल तर अमिलोराइड हा पर्याय आहे, पण तेव्हा लिथियम आणि पोटॅशियम दोन्हींवर लक्ष ठेवावं लागतं. चहा-कॉफीने थरथर वाढते हे खरं, मात्र ती एका झटक्यात सोडू नये. कॅफीन लिथियमला बाहेर काढतं. ते थांबलं की पातळी चढते. हळूहळू कमी करा आणि मग पातळी पाहा. मिठाचंही तसंच. तुमच्यासोबत त्यानेही मीठ कमी केलं असेल तर ही गोष्ट त्याच्या डॉक्टरांना आजच कळवायला हवी.

तहान लागते म्हणून पाणी तोडायचं नाही. जुलाब, उलट्या, ताप असला की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून डोसबद्दल विचारायचं. थरथर बारीकची मोठी झाली, बोलताना जीभ जड पडू लागली, चालताना तोल जाऊ लागला, उलट्या-जुलाब सुरू झाले, माणूस गोंधळलेला किंवा गुंगीत वाटला, तर पुढची गोळी न देता सरळ रुग्णालयात न्या आणि तो लिथियम घेतो हे दारातच सांगा. तुमचं आयबुप्रोफेन त्याला कधीही देऊ नका. त्यालाही दुखण्यावर पॅरासिटामॉलच.

हे उत्तर वाचणाऱ्या काहींनी अशी गोळी आधीच सुरू केलेली असेल. गरोदर असाल, अंगावर पाजत असाल, मूत्रपिंडाचा, हृदयाचा किंवा थायरॉइडचा आजार असेल, सोरायसिस असेल, वय अठराच्या आत असेल, किंवा ताईंसारखी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर थांबवा; ५ मिग्रॅसारख्या मात्रेला हळूहळू उतरवण्याची गरज नाही. यातलं काहीच नसेल आणि तरीही घ्यायचीच असेल तर निव्वळ लिथियम ५ मिग्रॅच्या वर जाऊ नका, क्रिएटिनिन, टीएसएच आणि कॅल्शियम सुरुवातीला आणि सहा महिन्यांनी पाहा, ताप-जुलाबात गोळी बंद ठेवा, आणि प्रत्येक डॉक्टरला औषधांच्या यादीत ती सांगा. पूरक गोळ्या सांगायच्या राहूनच जातात आणि मग दुखण्याची किंवा रक्तदाबाची नवी गोळी लिहिताना कुणी लिथियमचा विचारच करत नाही. रक्तातली लिथियमची पातळी या मात्रेला बहुतेक प्रयोगशाळांत मोजण्याच्या मर्यादेखालीच येते, त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल आला’ म्हणून निर्धास्त होऊ नका. आठ आठवड्यांत प्रश्नावलीचे गुण हलले नाहीत तर ती गोळी वाढवायची नसते, सोडायची असते.

ताई, तुमची बाटली भावाच्या औषधांच्या डब्यात जाऊ देऊ नका. दोन्हींवर ‘लिथियम’ लिहिलेलं असेल आणि घाईत एकाऐवजी दुसरी उचलली जाईल. परत करता येत असेल तर करा. नसेल तर डॉक्टरांच्या भेटीला ती, रक्तदाबाच्या गोळीची पट्टी, आयबुप्रोफेनची पट्टी आणि भरलेली प्रश्नावली एकाच पिशवीत घालून घेऊन जा, आणि सोडियमची तपासणी त्याच दिवशी करून घ्या.